पाणी सुटलेली कोशिंबीर

उदगीर, १० फेब्रुवारी २०२५

तुझ्या सासूच्या कोशिंबिरीला मी वाईट म्हणले न्हाई. पाणी सुटलंय म्हणले. ते ताटातून भाताकडं निघालं होतं, सगळ्यांनी बघितलं, बोलले मी एकटी. त्यात रुसायचं काय?

चि. सौ. अक्षरास मल्लम्मा आज्जीचे अ. उ. आ. इकडं सगळे खुशाल. फोन तुझ्या बापाच्या आडतीत असतो, अन् मी बोलायला लागले की हमालसुद्धा पोतं खाली ठेवून ऐकतो. म्हणून हे लिहून राहिले. चुका काढू नको.

तुझा भाऊ श्रीशैल सांगत होता, मी नांदेडहून आल्यापासून सौदामिनीबाईनं काकडीला हात लावला न्हाई. एवढी वर्षं शाळेत पोरांना बोलल्या असतील, अन् माझं एक वाक्य लागलं! मग तू कर. लई सोपं हाय. काकडीचा शेंडा चाखून बघ, कडू निघाली तर फेक. साल काढून बारीक कोच. दाण्याचं कूट, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू. वरून जिऱ्या-हिंगाची फोडणी. मीठ मात्र पानं वाढल्यावरच, आधी घातलंस की झालं पाणी. कशी झाली ते कळव. जावयाला आशीर्वाद.

मल्लम्मा आज्जी

नांदेड, १७ फेब्रुवारी

ती. आज्जीस अक्षराचा शि. सा. न. वि. वि.

काल रविवार, कुणालाच घाई नव्हती. वरणफळं केली अन् सोबत तू सांगितलीस तशी कोशिंबीर. अनिमेषनं वाटी पुसून खाल्ली, मग म्हणाला, छान आहे, पण आईची जरा गोडसर असते. मी डोळे वटारले. आईंनी दोनदा घेतली, आज्जींना चांगली झाली म्हणून कळव म्हणाल्या. पण पुढच्या रविवारी तुम्ही करा म्हटलं, तर उठून ताटं गोळा करायला लागल्या. मला त्यांच्या हातची आवडते गं. अन् तुम्हा दोघींत असंच राहिलं तर मी कुणाकडं तोंड करून बसू?

आईंनी सांगू नको म्हटलंय, तरी लिहिते. त्या दिवशी पानं घेतली होती, कोशिंबिरीत मीठही घातलं होतं. तू आत्ता आले म्हणून लिंगपूजेला बसलीस अन् पूजा लांबली. आम्ही पानांवर थांबलो. मी हाक मारायला निघाले, तर आईंनी माझा हात धरला. पूजेतल्या माणसाला घाई करू नये, म्हणाल्या. नंतर तू बोललीस, तेव्हाही त्यांनी मला खुणेनंच थांबवलं.

लोभ माझ्यावर आहेच, थोडा माझ्या सासूकडंही वळव.

तुझी, अक्षरा

उदगीर, २० फेब्रुवारी

हे तेव्हाच सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का? महिनाभर मी शेजारणीला त्या कोशिंबिरीचं वर्णन करून राहिले!

चि. सौ. अक्षरास अ. उ. आ. पूजेला बसलेलं माणूस घड्याळ बघत न्हाई, अन् मी काय आता बदलणार न्हाई. पण उपाशी बसून बाईनं माझी वाट बघितली, वरून माझीच बोलणी खाल्ली. माणसानं इतकंही चांगलं असू नये, समोरच्याला जड जातं.

शिवरात्र झाली की त्याच्या पुढच्या रविवारी येते. पूजा इथंच उरकून निघीन, कुणी ताटकळायला नको. माझा भाऊ मन्मथ जळकोटच्या मळ्यातल्या कवळ्या काकड्या देणार हाय. त्या मी कोचीन, कालवायच्या सौदामिनीबाईनं. साखर घालू दे, गूळ घालू दे. मी तोंड खायलाच उघडीन.

पण बोलावणं पाहिजे. तुझं लाडाचं नको, ते तू मांजरालाही देतीस. ह्या पत्राचं उत्तर तू लिहायचं न्हाई, जावयानं न्हाई. सौदामिनीबाईनं लिहायचं, स्वतःच्या हातानं. येऊ नका म्हणायचं असंल, तरी त्यांनीच.

मल्लम्मा आज्जी