डाव्या ड्रॅगनचे तेवीस खवले

१२ फेब्रुवारी

अकरा वेळा! सकाळी सात ते संध्याकाळी पाच, अकरा वेळा देवळाच्या परांचीवरून खाली उतरलो. केवळ लघवीला. बत्तीस पायऱ्या उतरायच्या, बत्तीस चढायच्या, वर येऊन धापा टाकायच्या, तोवर कालवलेला चुना घट्ट. घट्ट चुन्यात ड्रॅगनचा खवला, म्हणजे फोडलेल्या वाडग्याचा तुकडा, धरत नाही. धरला तरी पहिल्या वादळात जातो. म्हणून तो फेकायचा, नवा कालवायचा. आणि तो कालवून होईस्तो पुन्हा तहान!

पडद्यापलीकडून, छपराची उजवी बाजू करणाऱ्या खोचा आवाज: "आ-बिंग, देवळाची विहीर तूच भरतोस का रे?" त्याची माणसं खिदळली.

आज बसले एकोणीस खवले. गेल्या साली याच दिवसांत रोजचे साठ होते. वहीत आहे. ज्याला गुरू नसतो त्याला वही लागते.

१४ फेब्रुवारी

थकवा म्हणजे लिव्हर. आमच्या तायनानात हे शेंबड्या पोरालाही कळतं. लिव्हर दमलं की माणूस दमतो.

तेव्हा आजपासून शिस्त. सकाळी उपाशीपोटी शिंपल्यांचा अर्क. दहा, एक आणि तीन वाजता त्या तपकिरी बाटलीतलं शक्तीचं औषध, एकेक पेला. कडू लागतं म्हणून प्रत्येक पेल्यात डबाबंद कॉफी. सगळे गवंडी असंच घेतात. वाटलंच तर पाचला चौथा. वहीत नवे रकाने आखले: औषधाची वेळ, आणि त्यापुढे दर अर्ध्या तासाला किती खवले. औषध लागू पडतं की नाही ते आकडेच सांगतील.

लान-हुई म्हणाली, "दवाखान्यात जा. साखर बघून घे." बायकोला वाटतं पांढरा कोट घातला की अक्कल येते. मी काय गोडघाशा आहे? केक नाही, बर्फावरचं सरबत नाही. औषध घेतो, औषध!

१९ फेब्रुवारी

झोप लागली. परांचीवर. हातात पक्कड, पक्कडीत अर्धा कापलेला हिरव्या वाडग्याचा तुकडा, आणि मी बसल्या जागी घोरतोय. दुपारी दोनला!

उठवलं कुणी? चेअरमन छ्वाने. देवळाचा चेअरमन आजवर कधी वर चढला नव्हता, नेमका आज चढला. म्हणाला, "उस्ताद, देवीच्या छपरावर झोपणारे तुम्ही पहिलेच." मग आवाज खाली आणून: "दहा एप्रिलला परांची उतरणार. सोळाला देवीचा वाढदिवस. तुमची बाजू राहिली तर उरलेली खो उस्ताद करतील. आणि मग पाटीवर नाव एकच लागेल."

एकच नाव! छपराच्या आढ्यावर मधोमध लाल धागा ताणलाय. धाग्याच्या डावीकडे मी, उजवीकडे खो. एका देवळाचे दोन अर्धे, दोन हात, मध्ये पडदा. परांची उतरली की अख्खं गाव खाली माना वर करून उभं राहणार आणि ठरवणार कुणाचा ड्रॅगन जिवंत. माझ्या बाजूचा खोच्या हातात गेला तर मी एकोणचाळीस वर्षं काय वाडगेच फोडले?

चौदाव्या वर्षी याच खोच्या बापाच्या दारात उभा होतो, शिकवा म्हणून. बाप म्हणाला, "हात जाड आहेत." थियान-सू खो तेव्हा तिशीला आलेला, ओट्यावर पेरू खात बसलेला. हसला. घरी आलो, आईचा एक वाडगा फोडला, आणि छपराकडे बघून बघून शिकलो. सगळं गाव त्याला उस्ताद म्हणतं. माझी जीभ त्या शब्दाला वळणार नाही.

आणि मला आळशी म्हणणारा हा छ्वा कोण?

२० फेब्रुवारी

चौदा खवले. चौथा पेलाही घेतला. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. तिसरं.

२६ फेब्रुवारी

कुणीतरी धागा ओलांडला.

सकाळी वर गेलो. ड्रॅगनच्या मानेच्या वळणावर हात फिरवला आणि थांबलो. माझे खवले तीस अंशांत उचललेले असतात. प्रत्येक. काडेपेटीच्या खोक्याचा कोनमापक केलाय मी, त्याच्याशिवाय एकही बसवत नाही. मानेवरचे तेवीस वीस अंशांत! चुना ओलसर. वीस अंश म्हणजे खो घराणं.

एकेक उपटला. तेवीस मोजले, तंबाखूच्या डब्यात घातले, डब्यावर लिहिलं 'पुरावा'. आणि पडदा फाडल्यासारखा बाजूला केला.

"हे काय आहे?"

खो बसला होता. पायात मोजे, वर बूट. सतरा वर्षांच्या मुलीसारखे पाय जपतो हा माणूस. देवीच्या छपरावर बूट! मी अनवाणी चढतो, पायाला बांबू कळावा लागतो.

डब्याकडे बघून म्हणाला, "खवले दिसतायत."

"धागा ओलांडलात, लाज नाही वाटत? अडुसष्ट वर्षांचे झालात!"

"तुझ्या ड्रॅगनची मान मुरगळली होती, पोरा. गाव तुला हसलं असतं."

"माझी मान आहे! मुरगळेन नाहीतर कापेन!"

"बरं," म्हणाला, आणि पक्कड उचलली. बरं! भांडायलासुद्धा तयार नाही.

दिवसभर त्यांच्या जागी माझे तेवीस बसवले, तीस अंशांत. डोळ्यांपुढे धुकं होतं, रागाने. बाकी काम शून्य.

२ मार्च

लान-हुईने बाटली लपवली. तांदळाच्या डब्यात सापडली.

"तू हे पितोस आणि तासाभरात लोळतोस. मी बघते ना!"

"लोळतो कारण लिव्हर—"

"लिव्हर, लिव्हर! तुझ्या लिव्हरशीच लग्न लावायला हवं होतं."

जेवण न करता निघालो. चौदा पायऱ्यांनंतर बसावं लागलं. बत्तीसपैकी चौदा. कुणी पाहिलं नाही.

६ मार्च

पडद्याच्या खालच्या फटीतून खो ओरडला, "ए आ-बिंग! तुझा डावा पाय देवळावर सही करतोय!"

टोमणा समजलो. लक्ष दिलं नाही.

"अरे गाढवा, मागे बघ!"

बघितलं. बांबूच्या फळ्यांवर लाल पावलं. एक, दोन, नऊ. सगळी डावी. निळ्या वाडग्याचा तुकडा टाचेत रुतला होता, नखाएवढा बाहेर, बाकी आत. आणि मला काही नाही! दुखणं नाही, टोचणं नाही. नऊ पावलं चाललो.

पायाला बांबू कळतो म्हणणारा मी.

खोने धागा ओलांडला. माझ्या टाचेला हाताने धरून म्हणाला, "लान-हुईला बोलवा. आणि याला उचला." मला उचललं! पोत्यासारखं!

७ मार्च

चारशे बारा. रक्तातली साखर. असायला हवी त्याच्या तिप्पटच्या वर.

डॉक्टर फांग, माझ्या मुलीच्या वयाची बाई. मी आधी तिला लिव्हरबद्दल विचारलं. म्हणाली, "तुमचं लिव्हर उत्तम आहे."

उत्तम! तीन आठवडे शिंपले पिऊन उत्तम! मला इतका राग आला की खुर्ची मागे ढकलली. मग मी का झोपतो? का दमतो? शरीरात साखर इतकी असेल तर मी घोड्यासारखा धावायला हवा!

ती म्हणाली, "तुम्ही छपरावर काम करता ना? खाली चुन्याचा ढीग आहे. वर कारागीर हात चोळत बसलेत. कप्पी अडकलीय. माल चढत नाही. ढीग जितका मोठा, वरचे तितकेच उपाशी. साखर तुमच्या रक्तात पडून आहे, शरीराच्या कामाला लागत नाही. आणि जास्तीची बाहेर टाकायला शरीर पाणी घेतं. म्हणून अकरा वेळा."

"अकरा तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बायकोने वही आणलीय."

माझी वही!

मग तिने पिशवीतून कॉफीचा रिकामा डबा काढला. लान-हुईने तोही आणला होता. "मागची बाजू वाचा." मी, जो खवल्याचा कोन मोजतो, मी डबा कधी फिरवून पाहिला नव्हता. चोवीस ग्रॅम साखर. रोज तीन, कधी चार. तपकिरी बाटलीतली वेगळी.

टाचेला सहा टाके. तेही दुखले नाहीत; साखरेने पायाच्या नसा बधिर केल्यात म्हणे. सुई दिलीय, गोळ्या दिल्यात. आणि बूट घालायला सांगितलंय. बूट!

९ मार्च

घरी. पाय उशीवर. वही वाचली. १४ फेब्रुवारीपासून ६ मार्चपर्यंतचे रकाने. औषध लागू पडतं हे दाखवायला आखलेले रकाने.

दहाचा पेला: पुढच्या अर्ध्या तासात सात खवले. मग चार. मग दोन. एकचा पेला: पाच, दोन, शून्य. तीनचा: दोन, शून्य, 'डुलकी'. एकवीस दिवस, अक्षर सुवाच्य, बेरीज बरोबर. सगळं माझ्याच हाताने लिहिलं आणि एकदाही वाचलं नाही!

बाटली मोरीत ओतली. लान-हुई बघत होती. तिने नळ सोडून मोरी धुतली.

१५ मार्च

डोळे आणखी बिघडले! साखर दोनशे दहावर आली आणि वाडग्याची कड दिसेना. फांगबाईला फोन केला, बरंच बोललो. तिने ऐकून घेतलं. म्हणे साखर उतरताना डोळ्याचं भिंग बदलतं, तीन-चार आठवड्यांत बसेल. म्हणजे आधीही धूसरच दिसत असणार, तुमच्या लक्षात आलं नसेल.

माझ्या लक्षात आलं नसेल! माझ्या!

१८ मार्च

पुन्हा वर. पायात मोजे, वर बूट.

२४ मार्च

सकाळी उठलो आणि बिछान्यातच पडून राहिलो, काय चुकतंय ते कळेना. मग कळलं. दमलेलो नव्हतो. झोपून उठलेला माणूस असा असतो हे विसरलो होतो.

तीनदा खाली उतरलो. एक्केचाळीस खवले. लान-हुईने कडू कारल्याचं सूप पाठवलं, वर चिठ्ठी: 'साखर नाही. मागची बाजू वाचली आहे.'

१ एप्रिल

दुपारी खो जिन्यात बसून बूट उलटा करून झटकत होता. मोजा काढलेला. उजव्या पायाला तीन बोटं.

मी बघतोय हे त्याने पाहिलं. "दोन याच साखरेला दिली. बारा वर्षं झाली. फोड आला होता, मीही म्हणायचो, लिव्हर."

"मग तुम्ही ओळखलं होतं!"

"पाणी पितोस, मुततोस, झोपतोस, वाळतोस. आंधळ्यानेही ओळखलं असतं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? खोने सांगितलेलं?" बूट घातला. नाडी बांधायला वेळ लागला त्याला. "डोळे जातात आधी. म्हणून तुझ्या ड्रॅगनची मान मी नीट केली होती."

दिवसभर कुणावर रागवावं तेच कळेना. शेवटी चुन्याच्या पाटीला लाथ मारली. बुटाने.

८ एप्रिल

डावी बाजू पूर्ण. शेवटचा खवला सव्वाचारला. दोन दिवस शिल्लक!

खाली अंगणात जाऊन उभा राहिलो. डोळे आता स्वच्छ आहेत, छपरावरच्या चिमणीची चोच दिसते. शेपूट बरोबर. पाठ बरोबर. मिशा, म्हणायला हरकत नाही, जिवंत.

मान मुरगळलेली आहे.

नेमकी तिथे, जिथे मी ते तेवीस उपटून माझे बसवले होते. वळणावर तीस अंश उभे राहतात, सावली तुटते, मान मोडल्यासारखी दिसते. वळणावर वीसच हवेत. खोच्या बापाला हे ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याने करून दाखवलं त्याचे मी पुराव्यात घातले.

अर्धा तास तिथेच उभा होतो. दमलो नाही. दमलो असतो तर बरं झालं असतं.

९ एप्रिल

पहाटेच वर. माझे तेवीस काढले. तंबाखूचा डबा उघडला. खोचे बावीस खवले वीस अंशांत बसवले. तेविसावा उपटताना माझ्या पक्कडीत चिरला होता, दोन तुकडे; त्याची जागा रिकामी. चुना घट्ट व्हायला लागला. पडदा बाजूला केला. खो मोजे चढवत होता.

"उस्ताद," म्हणालो, "जरा धागा ओलांडा."