बशीवरची बाई

१ मार्च
पोचले एकदाची! आमच्या कालासिनहून रात्रभर बस, मग राचबुरीपर्यंत व्हॅन, आणि तिथून मोटारसायकलवाल्याच्या मागे, मांडीवर बॅग घेऊन थेट कालव्यावर. साडेसातलाच तरंगता बाजार भरात होता. होडीत चूल, चुलीवर नूडल्सचं पातेलं, शेजारच्या होडीत आंब्यांचा ढीग आणि काठावर गोऱ्या पर्यटकांच्या झुंडी. मला उगाचच हसू येत होतं.

काम सोपं आहे. धक्का क्रमांक चारवरून पर्यटकांची होडी सुटली की समोरून फोटो काढायचा. ती चक्कर मारून पाऊण तासाने परत येईपर्यंत तो चिनीमातीच्या बशीवर छापून मांडून ठेवायचा. आपलं थोबाड बशीवर बघितलं की माणूस पाघळतो आणि विकत घेतो. मालक ग्वांगशेठ म्हणाले, तीन आठवडे कोणाशी न भांडता काढ, मग धक्क्यामागची खोली तुझी. खोली मिळाली की माझ्या माप्रांगला आणणार. पोर सात वर्षांची झाली, त्यातली तीन वर्षं आजीकडे गेली. आता पुरे.

ही वही आईनेच दिलीय. मागच्या दोन्ही नोकऱ्या माझ्या जिभेने खाल्ल्या. तोंडात तीळ भिजत नाही ना! आई म्हणाली, जुम, तोंडाशी येईल ते यात लिही, लोकांच्या अंगावर फेकू नकोस.

४ मार्च
हात बसला. यंत्र एक बशी सहा मिनिटांत छापतं, तापलं की रुसतं. जेवायला लमोम मावशींच्या होडीवरचे नारळाच्या दुधाचे आप्पे. मावशी चाळीस वर्षं या कालव्यात आहेत आणि गिऱ्हाइकाला सात भाषांत फसवू शकतात, हे त्यांचंच म्हणणं.

एक कटकट मात्र आहे. माझ्या प्रत्येक फोटोत मागे, लांब पुलाखाली, एक बाई येते. छोटी होडी, ताडाच्या पानांची रुंद टोपी, मान खाली. सकाळी आठचा फोटो असो की अकराचा, ही आहेच. विकत काहीच नाही, नुसती चौकट अडवते.

६ मार्च
आज पुलापर्यंत चालत गेले, म्हटलं बाईला सांगावं की बाजूला सरक. पुलाखाली कोणी नाही. परत येऊन फोटो काढला, तर आहे! आणि पुलाच्या बरीच अलीकडे.

फळवालीला विचारलं, ही कोण. तिने आंबे पुसायला घेतले. नावाड्याला विचारलं, त्याला अचानक वल्ह्यात काहीतरी बिघाड दिसला. सगळे मिठाची गुळणी धरून बसलेत. मावशींनी तर मला झापलंच. दिसलं तर दिसलं, म्हणाल्या, तोंडातून काढायचं नाही, वास आला तरी कसला वास विचारायचं नाही, एवढंही शिकवलं नाही का तुझ्या आईने? शिकवलंय. कालासिनमध्येही असल्या गोष्टींची दखल घेऊन बोलत नाहीत. पण बाई, मी फोटो काढते! बघणं हाच माझा धंदा आहे. बरं, बोलणार नाही. लिहीन.

९ मार्च
डोकं फिरायची वेळ आलीय. आज सात बशा परत आल्या. एक जाडा जर्मन बशी नाचवत आला, म्हणे माझ्या बायकोच्या मागे ही कोण? त्याला काय सांगू? टोपीवाली आता त्यांच्या होडीला होडी लावून बसलेली. तोंड अजून खाली, पण टोपीची कड जरा वर झालीय. हनुवटी दिसते, ओली.

बशी ग्वांगशेठना दाखवली. त्यांनी ती एकदा बघितली, पालथी घातली आणि म्हणाले, लेन्स पुसत जा. लेन्स! दिवसातून वीसदा पुसते मी! शेठ, तुम्हालाही दिसलंय, हे मी तुमच्या तोंडावर म्हणणारच होते. खोली आठवली, गप्प बसले. दात दुखेपर्यंत गप्प बसले.

१२ मार्च
टोपीवाली आता पर्यटकांच्याच होडीत आहे. चार चिनी पोरी खिदळताहेत, आणि त्यांच्या मधोमध ही. पोरी परत आल्या तेव्हा चौघीच होत्या. बशी बघून एकीला रडू फुटलं. मी माफी मागितली. कशाबद्दल माफी मागतेय तेही मला बोलायची बंदी! सगळ्या कालव्याला ठाऊक आहे आणि बोलणी खाणार मी एकटी.

१३ मार्च
मावशींना वही दिसली. त्यांना वाचता येत नाही, पण विचारलं, रोज काय खरडतेस. सांगितलं. त्यांच्या हातातली पळी पाण्यात पडली. म्हणाल्या, अगं शहाणे, लिहिणं म्हणजे काय मुकं राहणं? तू रोज तिला हाक मारतेस आणि वर विचारतेस, ती जवळ का येते!

मागची पानं चाळली. लिहिलं, की दुसऱ्या दिवशी जवळ. लिहिलं नाही त्या दिवशी जागची हललेली नाही. वही बंद.

२३ मार्च
दहा दिवस एक अक्षर लिहिलं नाही. ती होडीतच राहिली. मी फोटोतून तिला पुसून मग छापते, बशा खपतात. आणि आज शेठनी किल्ली दिली! खोली माझी! खिडकी कालव्यावर उघडते. आईला फोन केला, शाळेला सुट्टी लागलीच आहे, परवा पोरीला घेऊन तिचा मामा निघतोय. इतका आनंद पोटात मावेना म्हणून वही उघडली. फक्त आनंदाचं लिहायचं होतं. तिचं नावही काढायचं नव्हतं — पण वर तिच्याबद्दल लिहिलंच की मी. एक ओळ. दोन ओळी.

काय म्हणावं या हाताला.

२४ मार्च
आज एकाही फोटोत ती नाही. साठ फोटो बघितले. पूल रिकामा, होड्यांत बसवली तेवढीच माणसं. गेली! मावशींना खुणेने सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या खांद्यामागे बघत राहिल्या, मग मान वळवली.

मग कळलं. फोटोत नाही, म्हणजे कॅमेऱ्याच्या अलीकडे —

२६ मार्च
माप्रांग आली. मामा तिला सोडून लगेच परतला. पोर उंच झालीय, पुढचे दोन दात पडलेत. खोलीभर नाचली. मग विचारलं, आई, जमिनीवर पाणी कुठून आलं.

तिला बजावायचं आहे. पण कसं? अमुक दिसलं तर बोलू नको, एवढं म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. आता समजलं सगळे गप्प का होते. त्यांच्यावर उगाच जळफळले मी —

पोर आजीच्या वळणाची. म्हातारं माणूस दिसलं की हात जोडून 'जेवलात का' विचारते. मावशींनाही विचारलं. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पोरीला आवर, माणसाची विचारपूस काय आणि त्यांची दखल काय, आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच आहे गं. आणि जेवण विचारलं म्हणजे बोलावणंच ते.

उद्या परत पाठवते. खोली गेली खड्ड्यात.

२७ मार्च
एकची व्हॅन. धक्क्याच्या पायरीवर बसलोय. भर ऊन, शंभर माणसं. तिच्याबद्दल लिहिणार नाही, फक्त पोरीबद्दल. लिहिलं नाही तर ओरडेन, म्हणून —

डाव्या हाताने पोरीचा हात धरलाय. नावाड्याला म्हणाली, जेवलात का. तो हो म्हणाला. फळवालीला म्हणाली —

पुरे म्हटलं. गप्प बस म्हटलं —

हात सोडवून घेतला. जोडले. खालच्या पायरीकडे. तिथे कोणी नाही. जेवलात का, आजी —

तोंड दाबून गप्प केलं. उशीर. म्हणते, आई, आजी म्हणाल्या, नाही जेवले, इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही, तूच चल —

हात परत माझ्या हातात आला. घट्ट धरलाय. आता सोडत नाही. व्हॅनचा हॉर्न — उठ बाळ —

माप्रांग हाक मारतेय. आई, इकडे बघ, मी होडीत —

आवाज पुलाकडून —

मग माझ्या हातात हा ओला