सतरा नंबरची कथा

रोहा,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. सकाळी कुंडलिकेच्या काठाने फिरते आणि मग वाचनालयात जाऊन लुडबुड करते. नव्या ग्रंथपाल मुलीला मी नकोशी झाले असणार. निवृत्त झालेल्या बाईला एवढं कळू नये म्हणजे कमाल आहे.

परवा मच्छीबाजारात तुझा भाऊ साहिल भेटला. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आला होता. मी विचारलं, "मृणाली काय लिहिते सध्या?" तर म्हणाला, "ती नाय लिहीत आता, बाई. कंपनीच्या रजिस्टरात सही करते तेवढंच." आणि हसला. मी बोंबील न घेताच घरी आले.

तीन वर्षांपूर्वी आपल्या वाचनालयाच्या कथास्पर्धेत तुला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि तू स्टेजवर यायलाच तयार नव्हतीस. तुझ्या वडिलांनी, नाथाभाऊंनी, तुला पाठीमागून ढकललं, "जा गो, खातंय का कोण?" मग दर दुसऱ्या रविवारी तू पेणहून पानं घेऊन येऊ लागलीस. गाडीने रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन सोडलं की तुझा फोन यायचा, "बाई, चहा टाका." पहिल्या वर्षी तू प्रत्येक पानाला विचारायचीस, "बरं हाय का?" दुसऱ्या वर्षी एका वाक्यावरून माझ्याशी भांडलीस, "हे मी काढणार नाय." त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता, पण तू चढून बसशील म्हणून दाखवला नाही.

जानेवारीपासून तो फोन नाही. रविवार जाता जात नाही, मृणाली. तुझी आठवण येते, आणि तुझ्या पानांची त्याहून जास्त येते. राग मानू नकोस.

किती गोल गोल फिरतेय बघ. जानेवारीच्या निकालात तुझं नाव कुठेच नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर तू मला गाठून विचारलंस, "बाई, कुठं कमी पडलं?" मी म्हटलं, "भाषा अजून कच्ची आहे." तू मान हलवलीस आणि गेलीस ती परत आली नाहीस.

ते मी खोटं बोलले होते.

आम्हा परीक्षकांकडे कथा येतात त्यांवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. ही कथा तू मला आधी दाखवलीही नव्हतीस, "स्पर्धेची हाय बाई, नियम हाय" म्हणून. पण सतरा नंबरचं पहिलं पान उलटायच्या आतच कळलं की ही तू. उधाणाने बांध फुटलाय, खाडीचं पाणी भातात घुसतंय, बायका रांगेत उभ्या राहून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देतायत, आणि त्याच रांगेत तुझी आजी शेजारणीशी लग्नातल्या मानपानावरून भांडतेय. मी तिथेच थांबून कार्यवाह काळुरामांना सांगायला हवं होतं, की ही मुलगी माझ्याकडे येते, हिला मी तपासणार नाही. सांगितलं नाही. बाकी दोघांनी तुला पहिला नंबर दिला होता. मी इतके कमी गुण दिले की तू यादीतूनच घसरलीस.

आपली विद्यार्थिनी म्हणून हात आखडता घेतला, असं मी स्वतःला सांगत आले. पण मला तुझा हेवा वाटला, मृणाली. माझं माहेरही वडखळजवळच्या खारेपाटातलंच, खाडीकाठचं. माझी आईही अशीच फुटलेल्या बांधावर उभी राहिली होती. तिच्यावर लिहायचं म्हणून मी वीस वर्षं वह्या भरतेय आणि प्रत्येक वहीत तिची देवी होऊन बसते. तुझी आजी भांडते आणि समोर येऊन उभी राहते. माणसं घरात बोलतात तशी बोलू देत, हे तुला मीच शिकवलं. मला ते जमलं नाही, आणि तुला जमलं तर मी त्यालाच कच्चं म्हणाले. याची मला लाज वाटते.

काल काळुरामांना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "निकाल आता नाय बदलता येत, बाई." परीक्षकांच्या यादीतून माझं नाव मात्र मी काढून घेतलं. बाकी दोघांचे शेरे त्यांनी उतरवून घेऊ दिले, ते सोबत ठेवलेत. नीट वाच. त्यातल्या अलिबागच्या सुरभीताईंनी लिहिलंय, "लिहिणारी व्यक्ती कोण? हिची पुढची कथा मला वाचायची आहे." मी त्यांना फोन करून तुझं नाव सांगितलं. त्या यंदा परीक्षक नाहीत आणि रविवारी घरी असतात. पत्ता कागदाच्या मागे आहे. वडखळला गाडी बदललीस की फार लांब नाही.

यंदाच्या स्पर्धेची मुदत महिनाअखेर आहे. ती कथा पुन्हा पाठव, नाहीतर नवी लिही. काही अडलं तर त्यांना विचार. मला दाखवू नकोस. तू पानं घेऊन दारात आलीस तर मला नको म्हणता येणार नाही, म्हणून आधीच सांगते, येऊ नकोस. छापून आलं की चार लोकांसारखी विकत घेऊन वाचेन.

नाथाभाऊंना नमस्कार.

तुझी वाचक,
चंद्रावती