नाव काय लिवू

२ ऑगस्ट १९८१
रोवणीचे शॉट झाले एकदाचे. मनोहर नागपूरहून कॅमेरा घेऊन आला होता. पुण्याला आम्ही एका वर्गात चित्रपट शिकत होतो तेव्हापासून तसाच आहे, चिखलात उतरायला एका पायावर तयार. बांधीत धान लावणाऱ्या बायांना एकच प्रश्न विचारला, पूर्ण नाव सांगा. स्वतःचं सांगतात आणि अडतात. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेणार? फुलाबाई म्हणाली, "मी फुला..." आणि पदर तोंडाला. शेवटी शेजारणीनं पुरं केलं, "सदाशिवची हाये थे, लिवा जी." मग शेजारणीचं फुलाबाईनं. सगळी रांग अशीच.

तो मधला थांबा, तोच माझा चित्रपट. आज कळलं. कोणाला तरी लगेच सांगायचं होतं, पण मनोहर संध्याकाळच्या एसटीनं निघून गेला.

९ ऑगस्ट
लाखांदूरभर "डॉक्टरांची फिल्म" झालीय. कंपाउंडर पेशंटांना सांगतो, साहेब पिच्चर काढून राहिले. हे आत इंजेक्शन देत असतात, ऐकतात, नाही म्हणत नाहीत. जेवताना विषय काढला, तर म्हणे लोकांचं काय मनावर घेतेस. घेते. राग आलाय, अजून गेला नाही.

आणि मी तरी? स्वतःच्या नवऱ्याला या वहीत पहिल्या पानापासून "हे".

२१ सप्टें., मुंबई
संकलक माणूस चांगला, पण थांबे कापा म्हणतो. बायका अडखळतात, बरं दिसत नाही. दिवसभर वाद. पुण्याचे सर आठवले. परदेशातल्या एखाद्या बाईनं केलेला चित्रपट दाखवला की वर्गात पहिली चौकशी, नवरा कोण हिचा, कॅमेरा कोणाचा. पुरुषाचा चित्रपट पाहून त्याची बायको कोण, हे कोणी कधी विचारलं नाही. मी पण नाही. त्या सगळ्या कुठल्या कुठल्या देशांतल्या, एकमेकींना ओळखत तरी असतील का, की त्याही अशाच एकेकट्या...

थांबे राहिले. एकही कापू दिला नाही.

१४ ऑक्टो.
परत लाखांदूर. बायकांनी केलेल्या चित्रपटांचा परदेशात महोत्सव आहे, त्यांनी माझा घेतला! ह्यांना सांगितलं. "छान," म्हणाले, तेवढ्यात पेशंट आला.

आता फक्त नावाची पाटी राहिलीय. तिचा शॉट घेतला की प्रिंट निघेल. पण घोळ तिथंच. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं "वैशाली" लिहिलं, तेव्हापासून मी वैशाली. त्याआधी सुमन. चित्रपट शिकली ती सुमन. मनोहर सोडला तर आता त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. आई होती तोवर...

ह्यांचं म्हणणं, सौ. लावून पूर्ण नाव टाक. म्हणजे पहिलं ह्यांनी ठेवलेलं, मधलं ह्यांचं, आडनाव ह्यांचं. मग चित्रपट माझा कसा? बांधीत उभी राहून त्या बायांना विचारत होते, आणि मला कोणी विचारलं तर मीसुद्धा अडणार.

२० ऑक्टो.
पाटी लक्ष्मण पेंटरकडे दिली होती. नाटकांचे बोर्ड तोच रंगवतो. आज घेऊन आला. मोठ्या लाल अक्षरांत "स्त्री पात्र", खाली नावापुरती जागा. हे काय म्हणून विचारलं.
"बायाइचं नाव त्याच्यातच येते ना जी बोर्डावर."
त्याच्यावर काय चिडायचं? त्यानं आजवर रंगवलेल्या बोर्डांवर बाई दुसरीकडे कुठं आलीच नसेल. "दिग्दर्शिका" लिही म्हटलं. दोनदा सांगितलं, सावकाश.

२३ ऑक्टो.
नवी पाटी. अक्षर सुरेख. "दिनदर्शिका". दिवाळी तोंडावर, दुकानदारांच्या कॅलेंडरांची कामं हातात, सवयीनं लिहून गेला बिचारा. पोट धरधरून हसले. ह्यांना दाखवली. ह्यांनी वाचली, म्हणाले दुरुस्त करून घे. बरोबरच आहे. पण पुण्याच्या त्या वर्गात आम्ही सगळे यावर दिवसभर हसलो असतो. नंतर घर खायला उठलं.

२५ ऑक्टो.
पाटी दुरुस्त झाली. दिग्दर्शिका. लक्ष्मण ब्रश घेऊन तिथंच बसला, "नाव काय लिवू?" उद्या सकाळी ये म्हटलं. दुपारी मनोहर कॅमेरा घेऊन येतोय, त्याच्या आत काय ते ठरवायलाच हवं.

दवाखाना बंद करून हे आले ते आपणहून पाटीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "तू आपलं आधीचंच नाव टाक. मले काही वाटणार नाही."

एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत मी मागितलं नव्हतं आणि ह्यांनी दिलं नव्हतं, ते असं उभ्या उभ्या. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात हेच पुन्हा म्हणाले,

"काय होतं ते? सुमती ना?"

मनापासून विचारत होते. मी चहा ठेवायला आत गेले. अजून उत्तर दिलेलं नाही. सकाळी लक्ष्मण येईल.