अर्ध्या मिनिटाचा खळगा

फळ्या घासायचं मशीन चालू होतं, ताई, आणि तुझा फोन आला. मी एका हाताने मशीन धरलं, दुसऱ्या हाताने फोन घेतला आणि होतो तिथेच उभा राहिलो, कारण मोठ्या बहिणीशी चालता चालता बोलण्याची मला सवय नाही. तू म्हणालीस, "लाकडी जमीन स्वतः घासायला जाऊ नकोस. कारागीर बोलाव." मी हो म्हणालो. फोन खिशात टाकून खाली पाहिलं, तर बैठकीच्या खोलीच्या मधोमध, तीन फळ्यांत मिळून, परातीएवढा खळगा पडला होता. तू जेमतेम अर्धा मिनिट बोललीस. नेहमीसारखी अर्धा तास बोलली असतीस, तर मी खालच्या बिऱ्हाडात उतरलो असतो.

(नमस्कार वर लिहायचा राहिला, तो इथे घे. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे आहोत. याहून जास्त आज लिहवत नाही.)

हे फोनवर का सांगितलं नाही, असं विचारशील. फोनने जेवढं व्हायचं तेवढं झालं आहे.

स्वतः का करायला गेलो, तेही विचारशील. बाबा तुझ्याकडे महिनाभर राहायला आले, तेव्हा मला वाटलं, त्यांनी परत यावं आणि चपला काढून आत पाऊल टाकल्याबरोबर थांबावं. "कोणी केलं हे?" म्हणावं. बस, एवढंच. या माणसाने मला पन्नाशीपर्यंत करवतीला हात लावू दिला नाही. खिळा ठोकायचा तरी मी शिडी धरायची. आणि जमिनीबद्दल त्यांचं वाक्य तुला पाठ आहे: "माझ्या हातची आहे, केसभर वरखाली नाही." रोज सकाळी ते दारापासून खिडकीपर्यंत अनवाणी चालत जातात. आपल्याला वाटतं, फिरतात. ते तपासतात, ताई.

मग कारागीर बोलावला. (तुझा सल्ला मी मानतो. क्रम तेवढा चुकतो.) माणूस कमी बोलणारा. त्याने खिशातून काचेची गोटी काढून खिडकीपाशी सोडली. ती सरळ आली, खळग्यात उतरली, दोनदा डोलली आणि थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "मशीन चालू ठेवून उभे राहिलात." मी म्हणालो, बहिणीचा फोन होता. त्याने मान हलवली, जणू हे कारण त्याला माहितीचं आहे. मग सांगितलं की खळगा घालवायचा तर सगळी खोली खळग्याइतकी खाली आणावी लागेल, आणि तेवढं लाकूड फळ्यांत उरलेलं नाही. भुसा आणि सरस भरून पॉलिश करता येईल. डोळ्यांना कळणार नाही. मी विचारलं, पायाला? तो म्हणाला, "पाय कोणाचे, त्यावर आहे."

आता नीट बसून वाच. कडेची जमीन घासायला त्याला मोठं कपाट हलवायचं होतं. मी म्हणालो, ते हलत नाही. तुला आठवत असेल, आपण लहान असल्यापासून बाबा सांगत आले, कपाटाला हात लावायचा नाही, मागे भिंतीला ओल आहे. कारागीर म्हणाला, मग ओलही बघू. आम्ही दोघांनी ते सरकवलं. भिंत कोरडी ठणठणीत. आणि खाली, तीन फळ्यांत मिळून, परातीएवढा खळगा. भुसा आणि सरस भरलेला. वर पॉलिश.

मी कपाटाला धरून उभा राहिलो. कारागीर गुडघ्यांवर बसला, त्यावरून तळहात फिरवला, आधी तिथे, मग माझ्या खळग्यावर. म्हणाला, "हा चाळीस वर्षांचा तरी असेल. हात मात्र एकाच घराण्याचा."

ताई, केसभर. केसभर म्हणत होते. चाळीस वर्षं आपण त्या कपाटाभोवतीने केर काढला.

तुझा,
धाकटा

ता. क. — खरं काम हे. बाबा रविवारी यायचे आहेत, त्यांना अजून आठ दिवस ठेवून घे. गुडघे दुखतात म्हण. त्यांचे किंवा तुझे.

ता. क. २ — कपाटाचं त्यांना काही बोलू नकोस. मीही बोलणार नाही. कपाट माझ्या खळग्यावर आणावं असं एकदा मनात आलं, पण खळगे दोन आणि कपाट एक.

ता. क. ३, दुसऱ्या दिवशी सकाळी — पत्र टाकायला निघालो तर दारात बाबा, हातात पिशवी. तुझ्याकडची गादी फार मऊ आहे म्हणे. चपला काढल्या, खिडकीकडे निघाले आणि मधोमध थांबले. डोळे मिटून पायाने चाचपलं. मग कपाटाकडे पाहिलं. ते अजून सरकवलेलंच होतं. म्हणाले, "मला तुझ्या आईने हाक मारली होती. कारागीर बोलवा म्हणून. तुला कोणी मारली?"

मी तुझं नाव सांगितलं. मग आम्ही दोघांनी कपाट जागेवर ढकललं. शिडी त्यांनी धरली नाही, कारण शिडीचं काम नव्हतं. पण माझ्या बाजूचं टोक जड आहे, हे त्यांनी दोनदा म्हटलं.