हळदीचं फूल खुडण्याआधी

आकांक्षा,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी आठच्या गाडीनं हिंगोलीला जाते आहे, अक्काला ठेवलंय त्या दवाखान्यात.

एक काम कर. न्हाणीमागच्या हळदीला फूल आलंय. पानं बाजूला सारल्याशिवाय दिसत नाही. आजोबा शेतातून यायच्या आत त्याचा फोटो काढ. फूल ठेवलं तर कंद पोसत नाही म्हणून ते दिसेल ते फूल खुडतात. शेतातली सवय, घरीही सुटत नाही. मागच्या वर्षी असंच खुडलं, आणि मी रुसेन म्हणून पांढऱ्या दोऱ्यानं परत दांड्याला बांधून ठेवलं. मला कळलं नाही असं त्यांना अजून वाटतं.

ही हळद माझ्या माहेरची, साखऱ्याची, आमच्या परसातली. माझ्या लग्नात अक्कानं, थोरली बहीण ना ती, चार कंद पदरात बांधून दिले. म्हणाली, "फूल आलं की कळव, म्हंजी समजंन तू तिथं रुजलीस." तेव्हापासून दरवर्षी कळवते. आधी पोस्टकार्ड टाकायची, मग फोन करायची. आता तिला फोनवरचं ऐकू येत न्हाई. डोळ्यांना मात्र दिसतं.

फोटो अक्काच्या नातवाच्या, प्रज्ञेशच्या फोनवर पाठव, तो तिच्याजवळच आहे. पण आजच पाठव. उद्यावर ठेवू नकोस, बाळा.

भाकरी दुरडीत आहे.

आणि आजोबा आधी पोचलेच, तर त्यांच्याशी भांडू नकोस. दोरा फडताळात आहे. कसा बांधायचा ते त्यांना बराबर माहीत आहे.

आजी