पूर्ण सिंथेटिक

२ मार्च, रविवार

बोट घेऊन महिना झाला. जुनी आहे, पण मागचं इंजिन दणदणीत. आज ऑइलची टाकी तळाला गेलेली दिसली. धक्क्यावरचा मिस्त्री म्हणाला, साहेब, टू-स्ट्रोक इंजिन आहे, बोटीचं टू-स्ट्रोक ऑइलच टाका, ते पेट्रोलबरोबर जळायला बनवलेलं असतं. मी मान हलवली. होकारार्थी नाही, नुसतीच.

मिस्त्री तीस वर्षं हेच काम करतोय. तिथेच घोडं अडतं. नवीन विचार शून्य.

मीही अठ्ठावीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, पण मी वाचतो. संकल्प: ऑइल मी निवडणार. अभ्यास करून.

दुपारी जेवताना जाहीर केलं की वीस एप्रिलला बोट क्लबच्या शर्यतीत उतरणार. तलावाला एक फेरी. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, सलग दोन वर्षं जिंकलाय. माझ्या लग्नात हा हाफ पँटमध्ये होता. लेकीने विचारलं, बाबा, तुम्हाला बोट वळवता येते का? हसण्यावारी नेलं. येते. डावीकडे तर उत्तमच येते.

६ मार्च, गुरुवार

सतरा ऑइल्सचा तक्ता तयार. घट्टपणा, उष्णता, वेग, डब्याचा रंग. इंटरनेटवर चार दिवस घालवले. टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक, गाडीचं, बोटीचं हे सगळे भेद कंपन्यांनी पाडलेत, माल खपवायला. इंजिन म्हणजे इंजिन.

निवड झाली: रेसिंग कारचं फुल सिंथेटिक. डब्यावर लाल गाडी वळणावर उडतेय.

हिने एकच प्रश्न विचारला. इंजिनबरोबर आलेल्या पुस्तकात काय लिहिलंय? मी म्हटलं, पुस्तकं अनुभव नसलेल्यांसाठी असतात. ती म्हणाली, तुमचा किती? महिन्याला मी अनुभवच म्हणतो.

८ मार्च, शनिवार

ऑइलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कुठल्या गाडीला? बोटीला, म्हटलं. त्याने लाल गाडीचा डबा निमूटपणे परत फळीवर ठेवला आणि खालून एक मळकट डबा काढला. वर नांगराचं चित्र. मी म्हटलं, मला बोट पळवायची आहे, नांगरायची नाही. तो हसला नाही. विनोद समजायला वाचन लागतं.

लाल गाडी घेऊन आलो.

११ मार्च, मंगळवार

दुकानात प्रयोग. तीन भिंगं तिरकी लावून त्यांवर तीन ऑइल्सचे थेंब सोडले. लाल गाडी पहिली! तेवढ्यात एक बाई चष्मा न्यायला आल्या. घाईत प्रयोगाचं भिंग आणि त्यांचं भिंग यांची जरा सरमिसळ झाली. चष्मा घालून त्या म्हणाल्या, मला तुम्ही दोन-दोन दिसताय. मी म्हटलं, सवय होईल.

दुपारी त्यांचे पती येऊन गेले. भला माणूस, पण आवाज मोठा.

१६ मार्च, रविवार

टाकीत उरलेलं होतं ते काढलं, लाल गाडी भरली. इंजिन सुरू केलं. निळसर धूर, भरपूर. मी ओळखलंच: वर्षानुवर्षांची काजळी बाहेर पडतेय. इंजिनचं पोट साफ होतंय. धक्क्यावरचे लोक उभे राहून हात हलवत होते. मीही हलवला.

नंतर कळलं की ते मला लांब जा म्हणत होते. तिथल्या बदकांनी तर जागाच सोडली.

२३ मार्च, रविवार

धूर वाढलाय. म्हणजे सफाई खोलवर चाललीय.

मिस्त्री न बोलावता आला. प्लग काढून दाखवले. काळेकुट्ट, ओले. म्हणाला, साहेब, हे ऑइल नीट जळत नाही आणि आतलं वंगणही धड होत नाही. टाकी रिकामी करा, पाइप धुऊन देतो, नाहीतर एक दिवस मधेच जाम होईल. मी त्याला माझा तक्ता दाखवला. त्याने सतराही ओळी वाचल्या, हात पुसले, म्हणाला, बरं. आणि गेला.

निरुत्तर केलं.

६ एप्रिल, रविवार

मेहुणा बोट बघायला आला. म्हणाला, भावोजी, माझ्याकडे योग्य ऑइलचा डबा पडून आहे, टाकून देऊ का? शर्यतीच्या दोन आठवडे आधी प्रतिस्पर्धी माझ्या टाकीत स्वतःचं ऑइल टाकू पाहतो! मी काही दूधखुळा नाही. बोटीवर ताडपत्री घातली आणि दोरीला सात गाठी मारल्या.

ही म्हणाली, टाकू द्या की त्याला. त्याची बाजू घेते. माहेरचं रक्त.

१३ एप्रिल, रविवार

गाठी सोडायला पाऊण तास गेला. मग इंजिन चाळीस वेळा दोरी ओढल्यावर लागलं. माझा उजवा दंड आता डाव्यापेक्षा स्पष्टपणे जाड आहे. नवे प्लग घातले. जुन्यांचा दर्जा नव्हता.

२० एप्रिल, रविवार, सकाळी ८

आज. वारा चांगलाच आहे. वजन कमी करायला ऑइलच्या डब्याचं झाकण, पाण्याची बाटली, वल्हं आणि लाइफ जॅकेट घरी ठेवलं. जॅकेट किलोभर भरतं. किलोभर म्हणजे वेग. पोहता येत नाही, पण शर्यत वरून आहे, खालून नाही.

२० एप्रिल, संध्याकाळ

पहिलं मिनिटभर मी सगळ्यांच्या पुढे होतो. याला साक्षीदार आहेत. बाकीचे म्हणतात, धुरामुळे ते थांबले होते. म्हणोत.

तलावाच्या मध्यावर इंजिनातून लोखंडी पेटी जिन्यावरून गडगडावी तसा आवाज आला. मग काहीच नाही. इतकं शांत, की मला माझं घड्याळ ऐकू आलं. दोरी ओढली, ती दगडात चिणल्यासारखी. वारा बोटीला बंधाऱ्याकडे ढकलत होता. तिथे दगडी भिंत आहे, लाटा तिच्यावर फुटत होत्या. मी हातांनी वल्हवलं. अर्धं पाणी बोटीत आलं. ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

मेहुणा पहिला होता. शेवटच्या वळणाला लागला होता, पुढे मोकळं पाणी. त्याने मागे वळून पाहिलं आणि बोट फिरवली. भिंत दहा-बारा हातांवर असताना दोर फेकला. दोन वेळा माझ्या हातून सुटला. तो म्हणाला, भावोजी, मनगटाला गुंडाळू नका, नुसता धरा. मग स्वतःचं जॅकेट काढून माझ्याकडे टाकलं.

शर्यत दुसराच कुणीतरी जिंकला. धक्क्यावर ही उभी होती. भावाकडे गेली नाही, माझ्याकडेही नाही. दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि पदराने चष्मा पुसत राहिली.

मी म्हटलं, वाऱ्याने घात केला.



२२ एप्रिल, मंगळवार

मिस्त्रीने इंजिन उघडलं. पिस्टन उभे ओरखडलेत, नांगरलेल्या शेतासारखे. एक तर जागीच रुतलाय. दुरुस्ती शक्य नाही, म्हणाला. चूक कुणाची, यावर मात्र अवाक्षर नाही. भांडायला माणूस समोरून निदान एक वाक्य तरी देतो.

तक्त्यात लाल गाडीपुढे शेरा लिहिला: इंजिन जुनं होतं. मग खोडला. दुसरा सुचेना.

२७ एप्रिल, रविवार

मेहुण्याकडे गेलो. जॅकेट धुऊन, इस्त्री करून नेलं. इस्त्रीने एका बाजूला जरा वितळलंय. दारात सांगायचं ठरवलं होतं ते पाठ होतं. तो म्हणाला, या भावोजी, आणि मला पाठ केलेलं काही आठवेना. म्हटलं, तू वळलास म्हणून. एवढंच. तो म्हणाला, ताईने मला आयुष्यभर ऐकवलं असतं. चहा घेतला. ऑइलचा विषय निघाला नाही. माझ्याकडून दोनदा निघता निघता राहिला.

११ मे, रविवार

नवीन इंजिन आलं. ही, लेक आणि मेहुणा यांनी परस्पर ठरवलं, मिस्त्रीला विचारून. मला कळवलं ते बसवून झाल्यावर. हरकत नाही. ऑइलचं खातं तरी माझ्याकडेच राहील, म्हटलं. नवी वही घेऊनच धक्क्यावर गेलो.

इंजिन छोटं, पांढरं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून खालून पाहिलं. झाकण सापडेना. मिस्त्रीला विचारलं, ऑइल कुठून भरायचं?

तो म्हणाला, साहेब, बॅटरीवरचं आहे. भरायचं काही नाही.

मी पुन्हा एकदा बाजूने फिरून पाहिलं. हिने एक बटण दाबलं. आवाजही नाही, धूरही नाही. बोट हलली तेव्हा मी अजून वाकलेलाच होतो.

ही म्हणाली, अहो, बसा आता.

बसलो.